मैनाचा कौल

“मैनाला विचारल्याबिगर मी शब्द देत न्हाई,” तात्या पाहुण्यांना म्हणाले.

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. मैना म्हणजे घरातली कुणी मोठी बाई असावी असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांतले वयस्कर गृहस्थ बशीतला चहा संपवत म्हणाले, “मग बोलवा की त्यांस्नी भाईर.”

तात्या म्हणजे माझे आजोबा. मैना त्यांची पहिली बायको. तिला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, त्यामुळं तिला बाहेर बोलावणं जरा अवघडच होतं.

मी आतल्या दाराआड उभी होते. नुकतीच मॅट्रिक झालेली, सतरा वर्षांची. पोहे नेऊन दिले होते, पायाकडं बघत नाव-गाव सांगून झालं होतं. मला बघायला आलेला नवरदेव बत्तीस वर्षांचा बिजवर होता. येरळा नदीपलीकडं त्याचा चाळीस एकर ऊस, दारात ट्रॅक्टर. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली. कशानं गेली, असं माझ्या आईनं मध्यस्थाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला ताप आला. मग मध्यस्थाच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली विहिरीवर पाय घसरला. आई गप्प बसली. आमच्या घरात आई बहुतेक वेळा गप्पच बसायची.

मैनाला कसं विचारायचं, हे आधी सांगायला हवं. ती गेली तेव्हा माझे वडील, म्हणजे दादा, आठ दिवसांचे होते. चार महिन्यांत तात्यांनी दुसरं लग्न केलं आणि हौसा, म्हणजे माझी आज्जी, घरात आली. पहिली बायको गेल्यावर जी दुसरी येते तिनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडची रीत. टाक म्हणजे अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो गळ्यात असला की गेलेली सवत नव्या बायकोला त्रास देत नाही म्हणतात. आज्जीला नवी साडी आणली की ती आधी टाकाला लावायची. ताटातला पहिला घास टाकाला दाखवायचा. टाक गळ्यात नसताना अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. घातला तर सवत घेऊन जाते.

आज्जी तिला अक्का म्हणायची आणि दिवसभर तिच्याशी बोलायची. “अक्का, आज मीठ जास्त पडलं गं.” “अक्का, ह्या म्हशीचं काय करू आता, सांग.” बोलून झाल्यावर थोडी थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची आणि पुढच्या कामाला लागायची. आम्हा पोरांना स्वयंपाकघरात नेहमी दोन बायका आहेत असंच वाटायचं. दिवेलागणीनंतर मी एकटी कधी तिथं पाऊल टाकलं नाही.

घरात काही अडलं की अक्काला कौल लावत. मंगळवारी सकाळी आज्जी टाक गळ्यातून काढायची, देव्हाऱ्यात समईला टेकून उभा करायची आणि त्याच्या दोन खांद्यांवर शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायची. मग पुरुषमाणसं येऊन हात जोडत. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकाच गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत. अक्कानं सांगितलं म्हणून दादांना शिकायला मिरजेला ठेवलं. अक्कानं सांगितलं म्हणून वत्सला आत्याला मारकुट्या नवऱ्याकडं परत धाडलं नाही. दुष्काळात तात्या पानमळा विकायला निघाले होते, तेही अक्कानंच अडवलं. मेलेली बाई एवढी शहाणी कशी, हा प्रश्न घरातल्या पुरुषांना कधी पडला नाही. दादांना तर नाहीच नाही. ते कौलाला हात जोडत तेव्हा त्यांचे डोळे भरून येत. ती त्यांची आई होती.

पाहुणे गेल्यावर दादा एवढंच म्हणाले, “बिजवर हाय, वय बी जास्त हाय.”

“मी बिजवर न्हवतो व्हय?” तात्या म्हणाले. “हौसाचं काय वाईट झालं?”

सगळ्यांनी आज्जीकडं बघितलं. ती उंबऱ्यावर बसून पानं पुसत होती. मान वर न करता मोठ्यानं म्हणाली, “स्थळ चांगलं हाय. द्या देऊन.”

मला वाटलं, ही बाई मला विकायला निघाली आहे. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पानमळ्यात तिनंच मला वेलांच्या गारव्यात गाठलं. माझा हात धरून टाकावर ठेवला.

“किती हलका हाय बघ,” ती म्हणाली. “पावशेराची बी धोंड न्हाई. पन चाळीस वर्सांत मान वर झाली न्हाई माझी.”

“मग मला कशाला लोटतेस त्यात?”

“मी कोन लोटनारी? अक्का सांगंल ते खरं,” असं म्हणून ती पानं खुडायला लागली.

मंगळवारी सकाळी न्हाऊन आज्जी देवघरात गेली आणि दार लोटून घेतलं. नेहमीसारखी थोड्या वेळानं बाहेर आली, रिकामा गळा पदरानं झाकून पुरुषांना हाक मारायला ओट्यावर गेली. तेवढ्यात आई समईत तेल घालायला म्हणून आत गेली आणि लगेच बाहेर आली. मग सगळे जमले. मला मागं भिंतीशी उभं केलं होतं.

“मैना,” तात्या म्हणाले, “पोरीला ह्या घरात द्यावी का? होकार असंल तर उजवी दे, नकार असंल तर डावी.”

नेहमी बराच वेळ लागायचा. गुडघे अवघडायचे, कुणीतरी खोकायचं. त्या दिवशी तात्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच उजवी पाकळी पडली. पडताना तिचा आवाज झाला असं मला वाटलं. पाकळीचा कसला आवाज होणार? पण मी ऐकला.

“व्हय म्हनाली,” तात्या म्हणाले. दादांनी जमिनीला डोकं टेकलं.

मी आज्जीकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. टाक उचलायला तिनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. शेवटी आईनंच टाक उचलून तिच्या गळ्यात घातला. पाकळ्याही आईनंच गोळा केल्या आणि तुळशीत नेऊन टाकल्या.

त्यानंतर आज्जी चुलीपुढं बसून राहिली. मीठ कमी-जास्त झालं, दूध उतू गेलं, ती अक्काला एक शब्द बोलली नाही. मी रडून रडून थकले होते. तिच्याजवळ जाऊन बसले.

“अक्का बोलली,” ती म्हणाली.

“ती नेहमीच बोलते की.”

“न्हाई गं बाई.” तिनं टाक मुठीत घट्ट धरला होता. “आज बोलली. मागून घेतीया ती. आता मी काय बोलू तिच्यापुढं? तिचंच घर, तिचंच पोर, तिचीच नात. मी न्हाई म्हनलं आन तिनं तुलाच उचललं तर?”

मला त्यातलं काहीच कळलं नाही. ती इतकी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. तिच्या मागं अंधाऱ्या कोपऱ्यात घंगाळ होतं, तिकडं ती सारखी वळून बघत होती. मीही बघायला लागले.

दुपारी पुरुष सोप्यात जेवायला बसणार होते. जेवून दादा नदीपलीकडं जाऊन सुपारी फोडून येणार, असं ठरलं होतं. आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं हात पुसले आणि आज्जीच्या पुढ्यात येऊन बसली.

“आत्याबाई, मी पाकळ्या बदलल्या.”

आज्जीनं ऐकलं नसावं. आई परत म्हणाली, “मगाशी तेल घालाया गेले तवा. उजवीची डावीकडं लावली, डावीची उजवीकडं.”

“कशापायी?” आज्जीचा आवाज एवढासा झाला.

“तुम्ही द्या देऊन म्हनला. मला वाटलं, तुम्ही उजवी पाडनार. म्हनून फिरवल्या.”

“मी पाडनार?” आज्जी तिच्याकडं बघत राहिली. “तुला कवापासनं ठावं?”

“लगीन झालं त्या वर्सापासनं. न पडलेल्या पाकळीला मुंग्या लागल्या हुत्या. मुंग्या देवाला न्हाईत लागत, गुळाला लागत्यात.”

मी तोंड उघडं टाकून दोघींकडं बघत होते. जी पाकळी पडायला नको, तिला आज्जी गुळाचं पाणी लावायची. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. आणि आई ते वीस वर्षं बघत होती.

“आन बोलली न्हाईस कधी?”

“काय बोलायचं? आपलीच कामं हुत हुती की.”

“अगं माझे बाई!” आज्जीनं कपाळावर हात मारून घेतला. “मी डावीच पाडनार हुते. कुनाला संशय नको म्हनून चारचौघांत उलटं बोलते मी. मी गूळ उजवीलाच लावला हुता!”

“मला कुठं ठावं,” आई म्हणाली.

दोघींनी एकाच पोरीला वाचवायला एकमेकींना चोरून हात घातला होता आणि दोघींनी मिळून तिला बुडवलं होतं. मला रडताना हसू यायला लागलं. आज्जीही हसली, पण मधेच थांबली. तिनं आईचं मनगट पकडलं.

“खरंच बदलल्यास? हातानं?”

“खरंच.”

“शपथ घे.”

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पीठ होतं, ते माझ्या केसात पडलं. “हिची शपथ,” ती म्हणाली.

आज्जीनं सुस्कारा सोडला. तिच्या अंगात जीव परत आलेला मी डोळ्यांनी बघितला. मग तिनं टाक गळ्यातून काढला, चुलीशेजारी पाटावर ठेवला आणि उठली.

“आत्याबाई, काय करताय?” आई घाबरली.

“दुसरा कौल लावता येत न्हाई. मग आता तोंडानंच बोलाया पायजे.”

सोप्यात तात्या आणि दादा ताटावर बसले होते. आज्जी त्यांच्यापुढं जाऊन बसली. डोक्यावर पदर, गळा उघडा. तात्यांच्या ताटातल्या भाकरीचा तिनं तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

तात्यांचा हात थांबला. “टाक कुठं हाय?”

“हाय आत.” ती सावकाश चावत होती. घास गिळला आणि म्हणाली, “पोरगी त्या घरात द्यायची न्हाई. आन हे अक्का सांगत न्हाई, मी सांगतीया. अक्का कधीच बोलली न्हाई. मी पाकळीला गूळ लावत हुते.”

बाहेर ओट्यावर कोंबडी पाटीतलं धान्य उधळत होती, तिला हाकलायला कुणी उठलं नाही.

“पानमळ्याच्या टायमाला?” तात्यांनी विचारलं.

“मीच.”

“वत्सलाच्या?”

“मीच.”

“ह्याला मिरजंला धाडला तवा?”

“तवा बी मीच. तुमी ह्याला मळ्यात घालनार हुता. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं? खरं सांगा.”

तात्यांनी ताटातच हात धुतला. “चाळीस वर्सं माझ्या घरात खोटं चाललं.”

“खोट्यानं वाईट झालं का कुनाचं?”

तात्या उठून गेले. दादा बसून होते. त्यांचं वय तेव्हा चाळिशीचं, पण चेहरा आठ-दहा वर्षांच्या पोराचा झाला होता. त्यांनी हळूच विचारलं, “म्हंजी माझी आई माझ्याशी कधी बोललीच न्हाई?”

“बोलली की रे,” आज्जी म्हणाली. “मी काय मेलीया?”

दादांनी मान खाली घातली. ताटात पाणी पडावं तशी त्यांची आसवं भाकरीवर पडली. मग उठून त्यांनी टोपी घातली, सायकल काढली. मी ओट्यावर धावले. ते कुठं निघाले, सुपारी फोडायला की मोडायला, हे विचारायचं मला धाडस होईना.

“न्हाई म्हनून सांगून येतो,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

ही गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना सांगितली. इथपर्यंत. लोक खूप हसतात. गूळ, मुंग्या, पाकळ्यांची अदलाबदल. शेवटी आज्जीचं वाक्य आलं की डोळे पुसतात. मी डी.एड. केलं, शाळेत लागले, माझ्या मनानं लग्न केलं. ते सगळं आज्जीच्या त्या एका घासामुळं, असं सांगून मी गोष्ट संपवते. त्या घासाची किंमत काय पडली, ते सहसा सांगत नाही. तात्यांनी तिला पुन्हा कधी काही विचारलं नाही. दादांनी टाक देवात ठेवून दिला. आणि आज्जीनं अक्काला हाक मारणं सोडलं. सहा वर्षांनी ती गेली, तोवर स्वयंपाकघरात एकच बाई असायची आणि तीही गप्प. पुष्कळदा ती काही बोलायला तोंड उघडायची, गळ्याकडं हात न्यायची आणि तशीच राहायची. त्या नदीपलीकडच्या स्थळाची मी चौकशी केली नाही. तिथल्या गेलेल्या बायकोचा टाक कुणीतरी गळ्यात घातलाच असणार.

मागच्या वर्षी सांगलीला माझ्या नातीचं बारसं झालं. आई आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. मृदुलानं, माझ्या लेकीनं, पणजी, आजी, आई आणि बाळ अशी ओळीनं बसवून फोटो काढून घेतले. मग बायकांनी आग्रह केला म्हणून मी ती गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मृदुला एकदम म्हणाली, “आई, बाळाचं नाव मैना ठेवू या का? किती गोड आहे! आणि आपल्या घरातलंच.”

“नको,” आई म्हणाली.

इतक्या मोठ्यानं ती कधी बोलत नाही. बायका चमकल्या. तिला दम लागला होता, म्हणून मी तिला मागच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. तिनं प्यायलं नाही.

“शालन, मी पाकळ्या बदलल्या न्हवत्या.”

“काय?”

“बदलाया गेले हुते. हातच लावला न्हाई गं. भ्याले. मेलेल्या मानसाच्या कामात हात घालायचा धीर झाला न्हाई. तेल घातलं आन माघारी आले.”

“मग पाकळी?”

“गुळाची पाकळी हुती, तीच पडली. आपसूक.”

मी शिक्षिका आहे. मी लगेच म्हणाले, गूळ कमी पडला असेल, समईची धग लागली असेल, वारा असेल.

“असंल,” आई म्हणाली. पोरांचं म्हणणं मान्य करावं तसं. “पन आत्याबाई भ्याल्या. त्या बोलल्या नसत्या तर तू गेली असतीस. त्यांची भीती काढायचीच हुती. म्हनून खोटं सांगितलं. तर त्यांनी शपथ मागितली.”

बाहेर पाळण्याभोवती बायका गाणी म्हणत होत्या. मी आईकडं बघत होते आणि मला एकेक दिसायला लागलं. माझ्यासाठी धरलेले मंगळवार, जे तिनं आजारपणातही सोडले नाहीत. मला साधा ताप आला तरी रात्रीची एस.टी. पकडून येणं. मृदुलाच्या वेळी मी अडले होते, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून तिचं ते कुणाशी तरी हळू आवाजात भांडणं. आम्ही तिला भित्री म्हणायचो. दादाही म्हणायचे. माझी खोटी शपथ घेतल्यापासून ती एकटीच वाट बघत होती, मैना कधी येते याची. मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि मी बसले.

“एवढी वर्षं सांगितलं का नाहीस गं?”

“तू भ्याली असतीस.”

“मग आता का सांगतेस?”

“आता मी किती पुरनार?” ती म्हणाली. “तुझ्या डोक्यावरचं हाय ते. तिथनं खाली लेकीकडं, त्या लेकराकडं जाईल की काय, कोन सांगावं. लक्ष ठेवाया कुनीतरी नको का?”

हे खरं नाही, असं काही नसतं, हे सगळं मला म्हणता आलं असतं. पण पाठीमागच्या भिंतीकडं वळून बघावंसं वाटत होतं आणि मी बघत नव्हते.

मृदुला बाळाला घेऊन दारात आली. “काय झालं गं पणजीला? मैना का नको म्हणते? काही आहे का त्या नावात?”

“काही नाही गं,” मी म्हणाले. “जुनं वाटतं तिला. गार्गी ठेव, ते छान आहे.”

“मला वाटलंच,” मृदुला हसली आणि बाळाला घेऊन बाहेर गेली.

आईनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि बारशाच्या त्या गलक्यात तिला गाढ झोप लागली.